गुड मॉर्निंग, व्हिएतनाम : पडद्यावरचा निवेदक आणि खरे सायगाव

१/
"गुड मॉर्निंग, व्हिएतनाम!" ही लांबवलेली आरोळी कानावर पडली की डोळ्यांसमोर रॉबिन विल्यम्स उभे राहतात. १९८७ सालच्या या चित्रपटात त्यांनी अमेरिकी लष्करी रेडिओवरचा निवेदक एड्रियन क्रोनॉअर साकारला. या नावाचे निवेदक सायगावमध्ये खरोखर होते आणि ती आरोळीही त्यांचीच होती. मात्र सायगावमधले क्रोनॉअर आणि पडद्यावरचा क्रोनॉअर यांच्यात मोठे अंतर आहे. हा थ्रेड त्या अंतराविषयी.

२/
प्रथम काळ समजून घ्यावा लागेल. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील घटनेनंतर अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईचे व्यापक अधिकार दिले. २ मार्च १९६५ रोजी उत्तर व्हिएतनामवर 'रोलिंग थंडर' ही बॉम्बहल्ल्यांची मोहीम सुरू झाली. ८ मार्चला मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. १९६४ च्या अखेरीस दक्षिण व्हिएतनाममध्ये सुमारे २३ हजार अमेरिकी सैनिक होते. वर्षभरात ती संख्या १ लाख ८४ हजारांवर गेली.

३/
चित्रपटाची कथा याच वर्षात घडते. युद्धाची औपचारिक घोषणा झालेली नव्हती, ती पुढेही कधी झाली नाही. दर आठवड्याला जहाजांतून आणि विमानांतून नवी मुले उतरत होती. त्यांच्यासाठी घराशी जोडणारा एक धागा म्हणजे रेडिओ. सायगावचे अमेरिकी लष्करी केंद्र १९६२ मध्ये सुरू झाले होते. १९६७ पासून ते 'एएफव्हीएन' या नावाने ओळखले जाऊ लागले.

४/
सैन्याने स्वतःचे रेडिओ केंद्र चालवणे ही दुसऱ्या महायुद्धाची देणगी. अमेरिकेची 'आर्म्ड फोर्सेस रेडिओ सर्व्हिस' १९४२ मध्ये स्थापन झाली. दोस्तांच्या आग्नेय आशियातील फौजांसाठी सिलोनमध्ये 'रेडिओ सीएक' होते. त्याचे शक्तिशाली प्रक्षेपक युद्धानंतर रेडिओ सिलोनकडे आले. ज्या केंद्रावरची 'बिनाका गीतमाला' महाराष्ट्रातल्या घराघरांत कान देऊन ऐकली गेली, त्याच्या पायाशी असे सैनिकी मनोरंजन आहे.

५/
सैनिकांना घरची आठवण सुसह्य व्हावी, हा अशा केंद्रांचा एक हेतू. दुसरा हेतू असा की त्यांनी शत्रूचे केंद्र लावू नये. हनोईहून त्रिन्ह थी न्गो ही निवेदिका इंग्रजीत अमेरिकी सैनिकांशी बोलत असे. सैनिकांनी तिचे नाव ठेवले 'हनोई हॅना'. ती अमेरिकी गाणी लावी, मृत सैनिकांची नावे वाचून दाखवी आणि हे युद्ध तुमचे नाही असे सांगत राही. सायगावच्या निवेदकाची खरी स्पर्धा या आवाजाशी होती.

६/
खरे क्रोनॉअर हवाई दलात सार्जंट होते. क्रीट बेटावरच्या नेमणुकीनंतर १९६५ मध्ये ते सायगावला आले. 'डॉन बस्टर' हा सकाळचा कार्यक्रम त्यांच्याकडे होता. अमेरिकेतल्या एखाद्या शहराचे केंद्र जसे वाजते तसेच हे केंद्र वाजावे, हा त्यांचा प्रयत्न. फावल्या वेळात ते व्हिएतनामी लोकांना इंग्रजी शिकवत. वर्षभराची मुदत पूर्ण करून ते रीतसर परतले. बंड नाही, हकालपट्टी नाही.

७/
१९७९ मध्ये क्रोनॉअर यांनी आपल्या अनुभवांवर एका विनोदी मालिकेची कल्पना मांडली. कोरियन युद्धातील लष्करी इस्पितळावरची 'मॅश' ही मालिका तेव्हा लोकप्रिय होती. पण दूरचित्रवाहिन्यांना कल्पना रुचली नाही. सायगावचा पाडाव होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. कोरियावर हसणे जमत होते, व्हिएतनामवर नाही. पुढे ही कल्पना विल्यम्स यांच्यापर्यंत पोहोचली.

८/
पटकथा मिच मार्कोविट्झ यांनी लिहिली, दिग्दर्शन बॅरी लेव्हिन्सन यांनी केले. त्यांचा क्रोनॉअर वरिष्ठांना जुमानत नाही, सेन्सॉरने अडवलेली बातमी वाचून दाखवतो आणि शेवटी व्हिएतनाममधून काढला जातो. चित्रपटात दाखवलेल्यापैकी निम्म्या गोष्टी जरी केल्या असत्या तरी आपण आजही लष्करी तुरुंगात असतो, असे खरे क्रोनॉअर पुढे अनेकदा सांगत. चित्रीकरणापूर्वी त्यांची आणि विल्यम्स यांची भेटही झालेली नव्हती.

९/
तोपर्यंत विल्यम्स यांची ओळख कोणती होती? ज्युलियार्डमध्ये नाट्यशिक्षण, रंगमंचावर एकट्याने केलेला विनोद आणि 'मॉर्क अँड मिंडी' (१९७८ ते १९८२) या मालिकेतला परग्रहवासी. चित्रपटांत मात्र मोठे यश हुलकावणी देत होते. एका क्षणात पाच आवाज आणि सात माणसे उभी करणारा हा नट लिखित संवादांच्या चौकटीत अवघडून जाई. रेडिओ निवेदकाच्या भूमिकेने ही अडचणच उपयोगी ठरवली.

१०/
प्रक्षेपणाच्या दृश्यांत लेव्हिन्सन यांनी कॅमेरे चालू ठेवले आणि विल्यम्स यांना मोकळे सोडले. प्रत्येक वेळी नवे काही निघत होते. त्यातले वेचक तुकडे संकलनात जोडले गेले. त्यामुळे पडद्यावर दिसणारा वेग हा नटाचा आणि संकलकाचा मिळून आहे. खोली लहान, समोर एक मायक्रोफोन, हालचालीला जागा नाही. अंग बांधलेले आणि आवाज सुटलेला, अशी ही अभिनयाची रीत आहे.

११/
या आवाजांतून काय बोलले जाते हे नीट ऐकण्यासारखे आहे. लष्करी छद्मवेशाच्या रंगसंगतीवर नाक मुरडणारा एक फॅशन सल्लागार येतो. हवामान विचारले की फक्त उकाड्याबद्दल कुरकुरणारा एक वार्ताहर येतो. अध्यक्ष जॉन्सन यांची नक्कल होते. रिचर्ड निक्सन यांच्या मुलाखतीची फीत कापून तिला वात्रट प्रश्न जोडले जातात. निशाणा प्रत्येक वेळी एकच आहे, तो म्हणजे अधिकाऱ्यांची गंभीर, पोकळ भाषा.

१२/
म्हणूनच लेफ्टनंट हॉक हे पात्र महत्त्वाचे. ब्रूनो कर्बी यांनी साकारलेल्या या अधिकाऱ्याला वाटते की आपण फार विनोदी आहोत. त्याला पोल्का संगीत आवडते. तो कार्यक्रम स्वतःच्या हाती घेतो आणि हास्याऐवजी अवघडलेपण पसरते. त्याला हुद्दा आहे, नियमपुस्तक आहे, मायक्रोफोनही आहे, तरी ऐकणारे त्याचे नाहीत. हुद्द्याने आज्ञापालन मिळते, हसू मिळत नाही, हे या उपकथेत प्रेक्षकाला फार न बोलता कळते.

१३/
आता सेन्सॉरचा प्रश्न. चित्रपटात जुळे भाऊ बातम्यांच्या कागदावर फुल्या मारत बसतात. एका बारमध्ये स्फोट होतो, क्रोनॉअर थोडक्यात वाचतो, पण ती बातमी देण्यास त्याला मनाई होते. तो ती देतो आणि प्रक्षेपण बंद केले जाते. त्याच वर्षी २५ जूनला सायगाव नदीवरच्या 'मी कान्ह' या तरंगत्या उपाहारगृहात स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे मरण पावली. म्हणजे दृश्य कल्पित असले तरी त्यातली भीती खरी होती.

१४/
येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. व्हिएतनाममधील वृत्तपत्र प्रतिनिधींवर अमेरिकी लष्कराची औपचारिक पूर्वतपासणी नव्हती, काही संकेत पाळण्याची अट होती. त्यामुळे अशा बातम्या जगभर छापून येत. लष्कराच्या मालकीच्या रेडिओची गोष्ट वेगळी. तेथे निवेदक सैनिकच होता आणि बातमी काय द्यावी हे वरिष्ठ ठरवू शकत. घरी बसलेल्या आईला जे वाचता येई, ते आघाडीवरच्या मुलाला ऐकायला मिळेलच असे नव्हते.

१५/
पत्रकारांनाही अधिकृत माहितीवर विश्वास उरला नव्हता. सायगावमध्ये रोज संध्याकाळी होणाऱ्या लष्करी पत्रपरिषदेला त्यांनी 'फाइव्ह ओक्लॉक फॉलीज' असे नाव ठेवले होते. म्हणजे पाच वाजताचा वेडेपणा. शत्रूचे किती मेले याचे आकडे तेथे दिले जात. जानेवारी १९६८ च्या अखेरीस टेट सणाच्या दिवसांत दक्षिणेतल्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर हल्ले झाले. विजय जवळ आला आहे, हे आश्वासन त्या आठवड्यात कोसळले.

१६/
याच टेट हल्ल्यांत ह्वे शहरातल्या लष्करी दूरचित्रवाणी केंद्रातील माणसे वेढ्यात सापडली. काही ठार झाली, काही कैद झाली. कैद झालेले १९७३ मध्ये सुटले. लष्करी निवेदकाचे काम म्हणजे वातानुकूलित खोलीतली सुखाची नोकरी, अशी समजूत असणाऱ्यांनी ही पाच वर्षे आठवावीत. चित्रपटात ही बाजू नाही, कारण त्याची कथा १९६५ मध्येच संपते.

१७/
मग सेन्सॉरविरुद्ध उघडपणे बोलणारा निवेदक झालाच नाही काय? झाला. जानेवारी १९७० मध्ये रॉबर्ट लॉरेन्स या सैनिक निवेदकाने एएफव्हीएनच्या दूरचित्रवाणीवर रात्रीच्या बातम्या संपवताना सांगितले की आम्हाला सत्य सांगण्याची मोकळीक नाही. त्यांना पुन्हा निवेदन करू दिले गेले नाही. त्यांची बदली झाली धर्मगुरूचा मदतनीस म्हणून. त्या प्रसंगात एकही विनोद नव्हता आणि त्यावर हॉलिवूडचा गाजलेला चित्रपटही निघाला नाही.

१८/
वात्रट, शिवराळ, वरिष्ठांची टिंगल करणारा निवेदक? तोही झाला. १९७१ च्या जानेवारीत 'डेव्ह रॅबिट' या टोपणनावाच्या सैनिकाने सायगावमधून 'रेडिओ फर्स्ट टर्मर' नावाचे बेकायदा केंद्र चालवले. ते अवघे २१ दिवस टिकले. अधिकृत केंद्रावर न वाजणारे रॉक संगीत, अमली पदार्थांवरची बडबड आणि लष्करावरची थट्टा, असा त्याचा ऐवज. त्याच्या ध्वनिफिती सैनिकांच्या हातोहात फिरत राहिल्या.

१९/
आता पडद्यावरचा क्रोनॉअर पुन्हा पाहिला तर तो तीन माणसांचा बनलेला दिसतो. नाव आणि आरोळी क्रोनॉअर यांची. सत्य बोलण्याची कृती लॉरेन्स यांनी केली तशी. सूर डेव्ह रॅबिटचा. पटकथाकाराने या दोघांवरून पात्र घडवले असे म्हणायचे नाही. मुद्दा काळाचा आहे. जे धैर्य आणि जो उद्धटपणा १९७० च्या सुमारास प्रकट झाला, तो चित्रपटाने पाच वर्षे मागे नेऊन १९६५ मध्ये ठेवला.

२०/
ही पाच वर्षे क्षुल्लक नाहीत. ऑगस्ट १९६५ मधल्या गॅलप पाहणीत व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणे चूक होती असे म्हणणारे अमेरिकी केवळ २४ टक्के होते. ६१ टक्क्यांना ती चूक वाटत नव्हती. तेव्हाच्या सैनिकाला पुढचा पराभव माहीत नव्हता. पडद्यावरच्या क्रोनॉअरला मात्र तो माहीत असावा असे वाटत राहते, कारण त्याला घडवणारी माणसे १९८७ मध्ये जगत होती.

२१/
ऐतिहासिक चित्रपट ज्या काळाची गोष्ट सांगतो त्याचा पुरावा असतोच असे नाही. ज्या काळात तो निघाला त्याचा पुरावा मात्र तो नक्की असतो. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम स्मृतिभिंत १९८२ ची. १९८५ मध्ये रॅम्बो एकट्याने युद्ध जिंकू पाहत होता. १९८६ च्या अखेरीस 'प्लॅटून' आला, १९८७ मध्ये 'फुल मेटल जॅकेट'. अमेरिका त्या वर्षांत या युद्धाकडे नव्याने पाहत होती. 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' त्याच पाहण्याचा भाग आहे.

२२/
एक लहानसा कालविपर्यास हेच सांगतो. लुई आर्मस्ट्राँग यांचे 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' चित्रपटात १९६५ च्या रेडिओवर वाजते. ते ध्वनिमुद्रित झाले १९६७ मध्ये. अमेरिकेत तेव्हा त्याला फारसे कोणी विचारले नव्हते. चित्रपटानंतर, १९८८ मध्ये, ते बिलबोर्डच्या यादीत ३२ व्या क्रमांकावर गेले. पडद्यावर गाणे सुंदर जगाचे आणि दृश्ये बॉम्बगोळ्यांची, धरपकडीची, जळत्या खेड्यांची. तारीख चुकली आहे, योजना चुकलेली नाही.

२३/
तर मग विल्यम्स यांच्या अभिनयात इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय शोधावे? उत्तर प्रक्षेपणाच्या दृश्यांत नाही, रस्त्यावर आहे. क्रोनॉअरला रेडिओवरून दूर केले आहे. वाहतूक अडलेली आहे, सैनिकांनी भरलेले ट्रक उभे आहेत. सोबती गार्लिक (फॉरेस्ट व्हिटेकर) सांगतो की हाच तो क्रोनॉअर. मुले आग्रह धरतात. तो एकेकाचे नाव विचारतो, गाव विचारतो, त्यावर कोटी करतो. हशा उसळतो.

२४/
मग रस्ता मोकळा होतो आणि ट्रक आघाडीकडे निघतात. तो हात हलवत राहतो. विल्यम्स यांच्या चेहऱ्यावरचे हसू एकदम जात नाही, सावकाश विरते. त्या क्षणी ते एकही आवाज काढत नाहीत. इतका वेळ श्रोता अदृश्य होता, आता त्याला नाव आहे, गाव आहे आणि वय आहे. यांतले किती परततील हे त्याला ठाऊक नाही. प्रेक्षकाला मात्र माहीत आहे की या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी मेले.

२५/
विनोदी नटाची निवड येथे सार्थ ठरते. जो अखंड बोलतो त्याचे गप्प होणे जाणवते. गंभीर नटाने हेच मौन धरले असते तर ते त्याच्या नेहमीच्या पद्धतीतले वाटले असते. शिवाय एक कठोर प्रश्न उभा राहतो. हसवून मुलांचे मन हलके करणारा निवेदक युद्धाला विरोध करत असतो की युद्ध चालू ठेवायला मदत करत असतो? लष्कराने रेडिओ ठेवला तो मनोधैर्यासाठीच. चित्रपट हा प्रश्न सोडवत नाही, पण त्या चेहऱ्यावर तो दिसतो.

२६/
दुसरे मौन अखेरीस येते. क्रोनॉअरचा जिवलग व्हिएतनामी मित्र तुआन हाच बारमधल्या स्फोटामागे होता, हे उघड होते. क्रोनॉअर त्याला विश्वासघाताचा जाब विचारतो. तुआन आपल्या मारल्या गेलेल्या आप्तांविषयी बोलतो आणि विचारतो की शत्रू कोण, माझ्या देशात आलेले तुम्ही की मी? ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तडाखेबंद उत्तर होते त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही. विल्यम्स तेथे कोणतीही नक्कल करत नाहीत, एखादी कोटीही करत नाहीत.

२७/
तरीही मर्यादा सांगायलाच हवी. तुआनला हे दोन-तीन मिनिटांचेच बोलणे मिळते, तेही अमेरिकी नायकाचा भ्रमनिरास दाखवण्यासाठी. त्याची बहीण त्रिन्ह बहुतांश काळ नायकाच्या आकर्षणाचा विषय आहे. चित्रीकरण थायलंडमध्ये झाले. अमेरिका आणि व्हिएतनाम यांचे राजनैतिक संबंध १९९५ पर्यंत नव्हतेच. त्याच वर्षी व्हिएतनाम सरकारने आपले मृत जाहीर केले : सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख सैनिक. हनोई हॅनाच्या आवाजाला तर या चित्रपटात जागाच नाही.

२८/
प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला. सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत १२ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. विल्यम्स यांना गोल्डन ग्लोब मिळाला आणि ऑस्करचे पहिले नामांकनही. ऑस्कर त्या वर्षी 'वॉल स्ट्रीट'साठी मायकेल डग्लस यांच्याकडे गेला. विनोदी नट गंभीर भूमिका पेलू शकतो, हे मात्र सिद्ध झाले. पुढच्या 'डेड पोएट्स सोसायटी'ची वाट येथूनच जाते.

२९/
खरे क्रोनॉअर नंतर वकील झाले. राजकारणात ते रिपब्लिकन होते, २००४ मध्ये बुश यांच्या प्रचारात सहभागी होते. संरक्षण खात्यात युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांशी संबंधित कार्यालयात त्यांनी काम केले. पडद्यावरच्या बंडखोराशी या चरित्राचा मेळ बसत नाही. विल्यम्स २०१४ मध्ये गेले, क्रोनॉअर २०१८ मध्ये. क्रोनॉअर यांच्या मृत्यूच्या बातम्यांतही चित्रपटाचे नाव आणि विल्यम्स यांचा उल्लेख होताच.

३०/
एका थोर अभिनयाने एका साध्या माणसाचे चरित्र झाकून टाकले, असे म्हणता येईल. पण लॉरेन्स यांचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नसताना त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न जिवंत राहिला, त्यात या अभिनयाचाही वाटा आहे. आघाडीवरच्या सैनिकाला सत्य ऐकण्याचा हक्क आहे की नाही, हा तो प्रश्न. चित्रपट पुन्हा पाहिलात तर रेडिओवरच्या नकलांवर जरूर हसा. मात्र ट्रक निघून गेल्यानंतरचे ते काही क्षण पुढे ढकलू नका.

(थ्रेड समाप्त)